मोडेन पण वाचू देणार नाही

मालवणातल्या कुठल्याही जुन्या घरात तीन गोष्टी हमखास सापडतात. माळ्यावर पालथे घातलेले तांब्याचे हंडे, दर मे महिन्यात मुंबईहून येऊन "यंदा कौलं चाळायलाच हवीत" असे बजावून परत जाणारे एक काका, आणि देवघराच्या वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधून ठेवलेला एक कागद. यांतला तिसरा जिन्नस सर्वांत मोलाचा. तो कोणी वाचलेला नसतो. कोणाला वाचता येतही नसतो. पण तो प्रत्यक्ष शिवाजी महाराजांनी दिलेला आहे, एवढे मात्र घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले. त्या वेळी चुना मळणारे, चिरे वाहणारे आणि नुसते किनाऱ्यावर उभे राहून सल्ला देणारे (ही शेवटची जमात मालवणात आजही भरपूर आहे) अशा सगळ्यांना महाराजांनी एकेक कागद दिला असे धरले, तर किल्ला उभा राहण्याआधी चिटणिसांचे सगळे बोरू झिजून गेले असते. पण हा हिशेब कोणी करीत नाही. मीही कधी केला नव्हता, आणि मी तर बँकेत कारकून आहे.

आमच्या घरातही असा कागद होता. वडील दर दसऱ्याला तो फडक्यातून बाहेर काढीत, त्याला हळदकुंकू वाहत, झेंडूचे फूल ठेवीत आणि पुन्हा बांधून टाकीत. लहानपणी मी एकदा धीर करून विचारले, "बाबा, यात काय लिहिलंय?" त्यावर ते म्हणाले, "सनद आहे. हात धुतलेस का?" कागदाच्या मागल्या बाजूला कोपऱ्यात एक तिकीट चिकटवलेले होते. ते इतके विटले होते की त्यावरच्या चेहऱ्याची फक्त दाढी शिल्लक राहिली होती. दाढी आहे, त्या अर्थी महाराजच, असे वडिलांचे मत. महाराजांच्या काळात एक आण्याची तिकिटे नव्हती हे मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी सुचले. पण तोपर्यंत वडिलांना काही सुचवण्याचे माझे वय निघून गेले होते.

नुसता पूजेपुरता कागद असता तर गोष्ट वेगळी. पण त्या कागदावर बारा माड उभे होते. आमच्या भाऊबंदांची दोन घरे. एक वरचे, एक खालचे. खालचे ते आमचे. मधे चिऱ्यांचा गडगा, आणि गडग्याला लागून बारा माड. माड आमचे, कारण तसे कागदात लिहिलेले आहे, असे वडील म्हणत. वरच्या घरातल्या अण्णांचे म्हणणे, "माड आमचे. कागदात लिवलेला आसा." कागद एकच. तो दोघांपैकी कोणीही वाचलेला नव्हता. दोन्ही पक्ष एकच पुरावा पुढे करतात आणि दोघांनाही तो वाचता येत नाही, असा दावा चालवायला कोर्टसुद्धा कचरले असते. म्हणून दोघांनी तो कोर्टात नेला नाही. घरीच चालवला. मी शाळेत असताना सुरू झालेला हा दावा मी बँकेत चिकटलो, माझे लग्न झाले, डोक्यावरचे केस मागे सरकले, तरी ताजाच होता. रात्री धप्पकन नारळ पडला की दोन्ही घरांत बॅटऱ्या लागत. बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर पडत आणि दोन्हीकडची माणसे "साप आला की काय ते पाहत होतो" असा चेहरा करून आत जात. नारळ तिथेच राही. सकाळी तो शेजारच्या गावातून दूध घालायला येणारा मुलगा घेऊन जाई. गेल्या तीस वर्षांत या वादाचा फायदा झालेला तो एकच माणूस.

वडील गेले तेव्हा अण्णा गडग्यापर्यंत आले. टोपी काढून उभे राहिले आणि तसेच परत गेले. तो गडगा माझ्या कंबरेएवढाही नाही. त्या दिवशी मात्र तो मला सिंधुदुर्गाच्या तटासारखा वाटला.

आता तो कागद आम्हाला का वाचता येत नव्हता, ते सांगतो. तो मोडीत होता. मोडी म्हणजे मराठीच, फक्त कारकुनी वेषातली. आपण आज ज्या लिपीत लिहितो तिला देवनागरी म्हणतात, आणि आपल्याकडचे तिचे घरगुती नाव बाळबोध. लहान बाळालाही बोध व्हावा इतकी सोपी, म्हणून बाळबोध. एकेक अक्षर सुटे, स्वच्छ, न्हाऊनमाखून पाटावर बसलेले. मोडीचे तसे नाही. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगत जातो, पावसाळ्यात पडवीतल्या दोरीवर कपडे टांगावेत तशी. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्द कुठे संपला ते सांगायचे नाही. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही; आमच्या मासळीबाजारातल्या बोलण्यासारखे सगळे एका दमात. त्यात र हे अक्षर शेजारी कोण बसला आहे ते पाहून रूप बदलते. असे र आमच्या बँकेतही आहेत.

मोडीची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही. इ आणि ई एकच, उ आणि ऊ एकच. 'दिन' लिहा किंवा 'दीन' लिहा, दिसणार सारखेच. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कारकुनाचा प्रत्येक दिन दीनच असतो, हे ज्याने ओळखले तो या लिपीचा कर्ता खात्रीने कारकून असला पाहिजे. परंपरा सांगते की हा कर्ता हेमाडपंत. देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला हा प्रधान. आपल्याकडे चुन्याशिवाय बांधलेले देऊळ दिसले की ते हेमाडपंताचे, बाजरी दिसली की ती हेमाडपंताने आणलेली, आणि वाचता न येणारे अक्षर दिसले की तेही त्याच्याच नावावर. पुढे शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी मोडीला वळण लावले असे म्हणतात. त्यांची एक आख्यायिका आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला त्यांना वेळ झाला नाही, आणि महाराजांनी "वाच" म्हटल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावरून ते घडाघडा वाचून दाखवले. साहेबाने विचारले की कोऱ्या कागदाकडे पाहून "काम चालू आहे" असे सांगणारे आम्ही सगळे त्याच परंपरेतले. फरक इतकाच की बाळाजींना मजकूर पाठ असे.

तर पूर्वी अशी सोय होती. देवाशी बोलायचे असेल तर बाळबोध, सावकाराशी बोलायचे असेल तर मोडी. पोथ्या बाळबोधीत, चोपड्या मोडीत. दगडावर कोरायचे तर नागरी. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा आहे, आणि तो नागरीतच आहे. दगडावर मोडी कोरायची म्हणजे छिन्नी न उचलता कोरायला हवे, ते कोणत्या पाथरवटाला जमणार? उलट पेशव्यांच्या दफ्तरातले ते हजारो रुमाल, ज्यांत सगळ्या मराठी राज्याचा जमाखर्च बांधून ठेवला आहे, ते मोडीत. थोडक्यात, नागरी ही देवाची आणि दगडाची, मोडी ही पैशाची आणि घाईची. मी पैशाच्या धंद्यातला आणि कायम घाईतला. म्हणजे वंशपरंपरेने मी मोडीचा वारस, आणि मलाच ती येत नव्हती.

मोडीचा घात कोणी केला? छापखान्याने. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरे नावाचे पाद्री होते. त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यात मराठी अक्षरे देवनागरी होती. मग १८१० साली मराठीचा कोश छापला, तो मात्र मोडीत. म्हणजे मोडीचे खिळे पाडता येत नव्हते असे नाही. पण एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चालणाऱ्या अक्षरांना शिशाच्या सुट्या सुट्या खोल्यांत कोंडायचे म्हणजे एकत्र कुटुंबाला मुंबईच्या चाळीत बिऱ्हाडे करून देण्यासारखे. जमते, पण कोणी सुखी राहत नाही. बाळबोध अक्षरे मुळातच स्वतंत्र वृत्तीची. ती छापखान्यात लगेच रुळली.

आणि या कामी आमच्या जिल्ह्याचाही हात आहे, हे अभिमानाने सांगावे की जरा खालच्या आवाजात, ते मला अजून ठरवता आलेले नाही. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक काढला. पानाला दोन रकाने. एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी, आणि मराठी बाळबोधीत. १८४५ साली त्यांनी ज्ञानेश्वरी छापून काढली. त्याच सुमारास मेजर कँडी नावाचे एक साहेब मराठीला स्वल्पविराम आणि अर्धविराम लावत होते. १८५० साली त्यांनी विरामचिन्हांवर एक पुस्तकच लिहिले. आजवर एका दमात बोलणाऱ्या मराठी माणसाला मधे थांबायला सांगायचे म्हणजे लष्करातलाच माणूस हवा. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने असे देखणे टाइप पाडले की बाळबोधीला मागे वळून पाहावे लागले नाही. मग १९१७ साली मुंबई सरकारने ठरवले की सरकारी कामाला यापुढे मोडीऐवजी बाळबोध. मोडी शाळेत शिकवली जात राहिली, म्हातारी माणसे हिशेब तिच्यातच लिहीत राहिली, आणि स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ती शाळेतूनही गेली. कोणी तिला मारले नाही. नुसते तिचे नाव पटावरून कमी झाले.

माझे आजोबा मोडीत लिहिणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीतले. मुंबईत शिकून मॅट्रिक झाले, पोस्टात लागले, पण घरचा रोजखर्च मरेपर्यंत मोडीत लिहीत. आजी सांगे की तिला कळू नये म्हणूनच ते मोडीत लिहीत. मी जन्मण्याआधीच ते गेले. वडील बाळबोध शाळेत शिकलेले. माडांचा वाद निघाला तो आजोबा गेल्यावर. म्हणजे कागद वाचणारा माणूस घरात होता तेव्हा वाद नव्हता, आणि वाद निघाला तेव्हा वाचणारा नव्हता. एका पिढीची चुकामूक. गाडी चुकली तर दुसरी मिळते. ही चुकली ती चुकलीच.

बाळबोधीचे तरी सगळे सुरळीत चालले होते असे समजू नका. टाइपरायटर आला आणि लोकांना वाटू लागले की हिची अक्षरे फार. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी लिपिसुधारणेची मोहीम काढली. इ, ई, उ, ऊ यांना रजा देऊन अ लाच वेलांट्या आणि उकार लावायचे, 'अि', 'अी', 'अु', 'अू' असे. त्या वेळी आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. तेव्हा ही मोहीमही आमच्याच जिल्ह्यातली म्हणायला हरकत नाही. १९५३ साली लखनौला मोठी परिषद भरली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी का, ती नंतर का नको, यावर थोरामोठ्यांनी विचार केला, तसा निर्णयही झाला, आणि चार वर्षांनी तो मागे घेण्यात आला. शंभर वर्षे डावीकडून घरात येणाऱ्या सुनेला एकाएकी उजव्या दाराने ये म्हटले तर ती गोंधळणारच. या सगळ्या प्रमाणीकरणात एक मात्र आपल्या बाजूचे झाले. हिंदीवाले अ आणि झ निराळ्या वळणाचे लिहीत, त्यांनी पुढे आपल्या मराठी वळणाचे घेतले. दिल्लीने मुंबईचे ऐकल्याचे दुसरे उदाहरण पटकन आठवत नाही. आणि २००९ साली महाराष्ट्र सरकारने हुकूम काढून ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर घेतले. तोवर 'बँक' आणि 'ऑफिस' हे दोन्ही शब्द बिनपरवाना चालू होते आणि मी त्यांतच नोकरी करीत होतो.

आकड्यांची गंमत तर आम्हा बँकवाल्यांनाच विचारा. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात लिहिले आहे की केंद्राची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी, पण आकडे मात्र आंतरराष्ट्रीय रूपाचे. म्हणजे अक्षरे घरची, आकडे बाहेरचे. गिऱ्हाइकाला हे कलम ठाऊक नसते. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी पैसे काढायच्या चिठ्ठीवर स्वच्छ बाळबोधीत १४०० असे लिहिले. खिडकीवर परप्रांतातून नुकतेच बदलून आलेले एक सज्जन बसले होते. मराठी एक त्यांना इंग्रजी नऊ वाटला, मराठी चार इंग्रजी आठ वाटला, आणि त्यांनी नऊ हजार आठशे रुपये मोजून बाईंच्या हातात ठेवले. बाईंनी ते दोनदा मोजले, पदराला बांधले, सोडले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, "बाबा, इतके माझे न्हंय. माझे चौदाशेच आसत." त्या दिवशी त्या बाई खोटे बोलल्या असत्या तर इतिहासातल्या लिपिसुधारणेचा खर्च माझ्या सहकाऱ्याच्या पगारातून वसूल झाला असता. २०१० साली रुपयाला नवे चिन्ह मिळाले, त्यात देवनागरी र आणि इंग्रजी आर यांचे लग्न लावले आहे. ते चिन्ह पाहिले की मला त्या खिडकीची आठवण येते. दोन्हीकडची मंडळी एकमेकांना समजून घेतील तर संसार होतो.

असो. वळून आपल्या कागदाकडे येऊ. २०२३ साली सरकारने जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि एकाएकी कचेऱ्याकचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. इतकी वर्षे ज्यांना कोणी चहा विचारीत नव्हते त्यांना गाड्या पाठवल्या जाऊ लागल्या. मी पेपर वाचताना सहज म्हणालो, "आपल्यालाही एक मोडीवाला हवा होता." तेव्हा आमची सौ. दाणे निवडता निवडता म्हणाली, "वरच्या घरात आहे की. अण्णांची नात. मुंबईत इतिहास घेऊन एम.ए. करते, पुराभिलेख खात्याचा मोडीचा वर्गही केलाय तिने." दोन्ही घरांत तीस वर्षे बोलणे बंद असताना ही माहिती हिला कशी, असे मी विचारले नाही. बायकांची एक लिपी असते. ती मोडीपेक्षा अवघड, आणि तिचा वर्ग कोणतेच खाते चालवीत नाही.

पण वैरी पक्षाची मुलगी आपला कागद वाचणार! तिने 'माड वरच्या घराचे' असे वाचले तर खरे की खोटे कसे ओळखायचे? बँकेत आम्ही गिऱ्हाइकाच्या सहीवरही विश्वास ठेवीत नाही. दोन वर्षे मी टाळाटाळ केली. यंदा दसऱ्याला कागद बाहेर काढला तेव्हा घडीवर तो चिरत चालला होता. आई म्हणाली, "पुढच्या दसऱ्याक तुकडेच पुजूचे लागतीत." मग मी निरोप पाठवला.

जागेचा प्रश्न होता. आम्ही वर जाणार नाही, ते खाली येणार नाहीत. शेवटी गडग्यावरच पाट ठेवला, पाटावर कागद. त्या बाजूला अण्णा खुर्चीत, वय वर्षे त्र्याऐंशी, त्यांच्यामागे त्यांची सगळी मंडळी. या बाजूला आम्ही. मधे ती पोरगी, हातात भिंग घेऊन, गडग्यावरच बसलेली, एक पाय इकडे आणि एक तिकडे.

"हो महाराजांचो न्हंय हां काका," ती पहिल्याच ओळीला म्हणाली. "शके अठराशे बावन्न, मार्गशीर्ष. म्हणजे १९३० साल."

माझ्या तीन पिढ्यांचा मान एका वाक्यात अडीचशे वर्षे पुढे सरकला. तिकिटावरची दाढी पंचम जॉर्जची निघाली. वडील नव्हते ते बरेच झाले असे तेव्हा वाटले. पाच मिनिटांनी वाटले की ते हवे होते.

कागद कर्जरोखा होता. माझ्या पणजोबांनी एका सावकाराकडून रुपये साठ कलदार घेतले होते. कारण लिहिले होते : चिरंजीवास विद्येकरिता मुंबईस पाठवणे. चिरंजीव म्हणजे माझे आजोबा. तारण म्हणून गडग्यालगतचे बारा माड लिहिले होते आणि त्यांच्यामागे एक शब्द होता. तो तिने भिंगातून दोनदा पाहिला आणि मग वाचला : 'सामाईक'. खाली जामीन म्हणून थोरल्या बंधूंचे नाव होते. म्हणजे अण्णांच्या आजोबांचे.

मी बँकेत कर्जखात्यावर अकरा वर्षे काढली आहेत. जामीनदार कशाला म्हणतात हे मला ठाऊक आहे. सही करताना हसणारा आणि हप्ता थकला की गाव सोडणारा माणूस म्हणजे जामीनदार. म्हणून मी विचारले, "फेड कोणी केली?"

तिने कागद उलटला. मागे पाच नोंदी होत्या, वर्षाला एक, बारा बारा रुपयांच्या. पहिल्या दोन 'हस्ते खुद्द'. पुढल्या तीन 'हस्ते थोरले बंधू'. व्याजापोटी द्यायचे नारळ निराळे लिहिले होते. आणि शेवटी, त्या तिकिटाच्या शेजारी, सावकाराच्या हातचे दोन शब्द होते : भरून पावलो.

कोणी काही बोलले नाही. मला एकदम कळले की आजोबांनी तो कागद देवघरात का ठेवला होता. त्यांना तो वाचता येत होता. ज्या छत्तीस रुपयांवर त्यांची मॅट्रिक झाली, पोस्टाची नोकरी झाली, वडिलांचे शिक्षण झाले आणि मी बी.कॉम. होऊन पंख्याखाली बसलो, ते कोणी भरले हे त्यांना ठाऊक होते. वडिलांनी तीस वर्षे पूजा केली ती योग्यच कागदाची केली. फक्त दाढी ओळखण्यात चूक झाली. आणि पूजा झाल्यावर हात जोडून ते ज्या घराकडे पाठ फिरवून बसत, तेच ते घर.

"मगे माड कोणाचे?" अण्णांनी विचारले.

"दोघांचे, आजोबा. सामाईक."

अण्णा बराच वेळ माडांच्या शेंड्यांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझो बापूस आज होवयो होतो."

असे काही झाले की मी हिशेबात शिरतो. दुसरे काही येत नाही. मी खिशातला कागद काढून आकडेमोड केली. छत्तीस रुपये, नव्वद वर्षे, द.सा.द.शे. सहा, चक्रवाढ. सहा हजार आठशे वीस रुपये झाले. मी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणालो, "अण्णा, एवढे मी देणं लागतो."

"मेल्या," अण्णा म्हणाले, "व्याज नारळात ठरलेला. आत्ताच तर वाचल्यान मा तेणां!"

नारळ आता निम्मे निम्मे होतात. रात्री पडला तर कोणी उठत नाही. दूध घालणाऱ्या मुलाला या समेटाची बातमी कळली तेव्हा तो फारसा खूश दिसला नाही.

पोरीने कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर करून दिले. ते मी मुलाला वाचायला दिले. त्याने ते वाचले, आणि मित्राला त्याबद्दल फोनवर निरोप लिहिला तो मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा माझ्या पोटात जरा कालवले. पोथ्यांचे, दगडांचे आणि सरकारचे पाठबळ असलेली बाळबोध मोडीसारखी पटावरून जाणार नाही, हे मला कळते. पण आजोबांनाही मोडीबद्दल तसेच वाटले असेल. आता तर मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे, म्हणजे यंत्र तिला ओळखते. यंत्राने ओळखून भागत असते तर आम्हाला गडग्यावर पाट मांडावा लागला नसता. घरात एक माणूस तरी लागतो.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी मोडी गिरवायला घेतली आहे. अण्णांची नात सुटीत येते तेव्हा शिकवते आणि माझ्या र ला हसते. परवा अण्णांनी निरोप पाठवला की माड जर सामाईक, तर कागदही सामाईक; सहा महिने तो वरच्या घरात हवा. मी कागद घेऊन गेलो, गडगा ओलांडून. कागद हातात घेऊन अण्णा म्हणाले, "तू बँकवालो. पोच लागतली ना तुका?" मी म्हटले, "पोच मी आणलीय लिहून, तुम्ही फक्त सही करा." ती मी मोडीत लिहिली होती. एका ओळीला पाऊण तास लागला होता.

अण्णांनी ती चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उलटी केली, सुलटी केली. त्यांना अक्षर लागले नाही. मग त्यांनी ती कपाळाला लावली, आत गेले आणि देवघराच्या वरच्या फळीवर ठेवून आले.